स्लॅब टाकण्याआधी: नव्या घरासाठीचे वीज-पाण्याचे नियम, बेळगावकडच्या घरांपुरते

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक काका मंजूर झालेला नकाशा घेऊन घरी आले. अनगोळच्या बाजूला तीस-चाळीसचा, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट, मुलगा पुण्यात नोकरीला, काका निवृत्त. मंजुरीच्या कागदामागं कन्नडमध्ये अटींची यादी होती. काकांना कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं. वाचताना मात्र अक्षराला अक्षर जोडावं लागतं. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचलं, "मळे नीरु कोय्लु," आणि म्हणाले, "पोरी, आमचा तर घराचा प्लॉट. ह्यात मळे कुठले आले?"

कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस, नीरु म्हणजे पाणी आणि कोय्लु म्हणजे पिकाची कापणी. पावसाच्या पाण्याची सुगी करा, असं त्या ओळीत लिहिलं होतं. मराठीत आपण याला पाऊसपाणी संकलन म्हणतो, पण खरं सांगायचं तर कन्नड शब्द मला जास्त आवडतो. सुगी म्हटलं की आधी पेरणी आली, मशागत आली, वेळ साधणं आलं. घराच्या बाबतीतही तसंच आहे.

गेली अठरा वर्षं मी बेळगाव आणि खानापूर भागात घरांचे नकाशे काढते, साइटवर उभी राहते. नकाशा पास झाला, मीटर मिळाला की नियमांचं काम संपलं, असं समजणारे खूप भेटतात. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. या नियमांमधला प्रत्येक आकडा तुमच्या घरातल्या एका ठरावीक जागेबद्दल आहे: स्लॅब, पश्चिमेची भिंत, न्हाणीतला पाइप, गच्चीचा उतार. त्या जागेत हवा तो बदल थोडक्या पैशात करायची संधी एकदाच मिळते, काँक्रीट पडायच्या आधी. नंतर फरशी फोडावी लागते.

आधी हे नियम येतात कुठून ते बघू. ऊर्जेचा मूळ कायदा केंद्राचा आहे, २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा. त्याखाली पुढच्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. फ्रीजवर आणि पंख्यावर ताऱ्यांची पट्टी असते ना, ती देणारी हीच संस्था. २००७ मध्ये ब्युरोनं मोठ्या व्यापारी इमारतींसाठी संहिता आणली आणि डिसेंबर २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी 'इको-निवास संहिता' जाहीर झाली. पहिला भाग घराच्या बाहेरच्या कवचाबद्दल, म्हणजे भिंती, खिडक्या आणि छत. २०२१ मध्ये त्याला पंप, लिफ्ट, सामायिक दिवे वगैरे यंत्रणांची जोड मिळाली. २०२२ मध्ये मूळ कायद्यातच दुरुस्ती झाली आणि मोठ्या राहत्या इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. कर्नाटकात हे काम बघणारी नेमलेली संस्था म्हणजे राज्याचं नवीकरणीय ऊर्जा विकास निगम, ज्याला सगळे क्रेडल म्हणतात.

आता मुद्द्याची गोष्ट. २०१८ ची इको-निवास संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी लिहिलेली आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. आपल्याकडं बहुतेक लोक बांधतात ते तीस-चाळीसवर, म्हणजे १२०० चौरस फूट, सुमारे १११ चौरस मीटर. टिळकवाडीतल्या एखाद्या मोठ्या अपार्टमेंटच्या बिल्डरनं ही संहिता वाचायलाच हवी. अनगोळच्या काकांवर तिची सक्ती नाही. पण ऊन प्लॉटची मापं बघून पडत नाही. संहितेतले आकडे हे वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून काढलेले, फुकट मिळणारे धडे आहेत, आणि लहान घराला ते जास्त उपयोगी पडतात, कारण लहान घरात छत डोक्याच्या अगदी जवळ असतं आणि एसी नसतो.

काकांवर सक्ती आहे ती राज्याच्या नियमांची. कर्नाटक सरकारच्या २००७ च्या आदेशानुसार नगरपालिका-महानगरपालिका हद्दीत १२०० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर ६०० चौरस फूट किंवा जास्त बांधकाम असलेल्या घराला सौर बंब, म्हणजे सोलर वॉटर हीटर बसवावाच लागतो. तीस-चाळीसचा प्लॉट बरोबर १२०० वर येतो, त्यामुळं तो या नियमात बसतो. वीजजोडणी देताना हेस्कॉमला, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीला, हे बघायचं असतं. दुसरी अट मघाच्या मळे नीरुची. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श बांधकाम उपविधींत १०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटना पाऊसपाणी संकलनाचा आराखडा नकाशासोबतच द्यायला सांगितलं आहे. राज्यं आपापले उपविधी करतात. म्हणून माझा सगळ्यांना आग्रह असतो, मंजुरीच्या आदेशामागच्या अटी कन्नड नीट वाचणाऱ्या कुणाकडून तरी ओळ न ओळ वाचून घ्या आणि मराठीत वहीत उतरवून ठेवा. मेस्त्रीला ती वही दाखवा. तो कागद फायलीत राहिला तर साइटवर त्यातलं काहीच उतरत नाही.

ग्रामपंचायत हद्दीत, म्हणजे येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा अशा झपाट्यानं वाढणाऱ्या गावांत, एवढं कुणी विचारत नाही असं लोक म्हणतात. विचारलं नाही तरी स्लॅब तापायचा तो तापतोच.

स्लॅबबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी स्वतःची चूक तिथंच झाली.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंची, संध्याकाळी सुटणारा वारा, पंख्याशिवाय झोपणारी घरं. ती घरं कौलारू होती. वर मंगळुरी कौलं, खाली लाकडी माळा, माळ्यावर कांदे, लसूण, जुनी भांडी. तापलेलं कौल आणि माणूस यांच्यामध्ये हवेचा एक अख्खा मजला असायचा. गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची. खानापूरची माती विटा-कौलांसाठी प्रसिद्ध. कुंभारकामाचं शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही तिथं आहे. त्या मातीच्या छताखाली आपल्या पिढ्या मे महिन्यात गार झोपल्या.

२०११ मध्ये आम्ही वडगावात आईवडिलांसाठी घर बांधलं. कौलं काढून स्लॅब टाकला. मी इंजिनियर, तरी स्लॅब मजबूत झाला की झालं, एवढंच माझ्या डोक्यात. कंत्राटदारानं वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घातला, तोही दोन पावसाळ्यांत चिरला. पहिल्याच मे महिन्यात आई अंथरूण घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर झोपायला लागली. एका रात्री दहाच्या सुमारास मी खाटेवर उभी राहून स्लॅबच्या पोटाला हात लावला. चुलीवरून उतरवून बाजूला ठेवलेला तवा जसा बराच वेळ ऊब धरून असतो, तसं ते काँक्रीट होतं. सूर्य मावळून तीन तास झाले होते.

हे का होतं ते सूर्याच्या वाटेवरून कळतं. बेळगाव जवळजवळ १६ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच पडते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन भिंतींना चाटून जातं आणि सगळा मारा छतावर होतो. काँक्रीट जड असतं. दिवसभर उष्णता पोटात साठवतं आणि रात्री, नेमकं आपण झोपायला जातो तेव्हा, खाली सोडतं.

संहितेत छतासाठी एक आकडा आहे: यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त १.२. यू-व्हॅल्यू म्हणजे काय? छताच्या वर आणि खाली एका अंशाचा फरक असेल, तर एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता आत शिरेल तो आकडा. जितका लहान, तितकं चांगलं. नुसत्या सहा इंची स्लॅबचा हा आकडा साडेतीनच्या आसपास भरतो. समजा काकांची गच्ची ८० चौरस मीटर आणि फरक १० अंशांचा. नुसत्या स्लॅबमधून २८०० वॉट आत येतात. १.२ वाल्या छतातून ९६०. मधल्या फरकाची कल्पना यावी म्हणून सांगते, कपड्यांची इस्त्री साधारण हजार वॉटची असते. दोन इस्त्र्या छताला उलट्या टांगून चालू ठेवल्यासारखं आहे ते.

साडेतीनवरून १.२ वर यायला लागतं तरी काय? स्लॅबवर, कोब्याच्या खाली, उष्णतारोधक फोमची शीट. हिशेबानं साधारण दोन सेंटीमीटर जाडीची शीट पुरते. मी चार-पाच सेंटीमीटर सुचवते, कारण शीटच्या जाडीच्या मानानं मजुरी आणि कोबा यांचा खर्च तोच राहतो. नुसत्या ब्रिकबॅट कोब्यानं थोडा फरक पडतो, पण १.२ जवळ तो पोचत नाही. शीट घालायची तर वॉटरप्रूफिंग, शीट, कोबा आणि पाण्याचा उतार यांचा क्रम आधी ठरवायला हवा, पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, उंची त्याप्रमाणं धरायला हवी. म्हणून हे काम स्लॅबच्या नकाशातच यायला पाहिजे.

गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग देणं हा स्वस्त उपाय आहे आणि तो काम करतो. पण आपल्या पावसात त्यावर शेवाळ चढतं, रंग हिरवा-काळा पडतो आणि गुण जातो. दर वर्षी फेब्रुवारीत घासून धुवायची तयारी असेल तरच करा. आपल्याकडं अनेक जण गळतीला कंटाळून गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा मारतात. दिसायला ते बरं नसेल, पण माणसांनी अनुभवातून शोधलेला हा उपाय मला मनापासून पटतो. पत्रा आणि स्लॅब यांच्यामध्ये वारा खेळतो, जुन्या माळ्याचंच ते काम आहे. फक्त पत्रा मारायच्या आधी सौर बंब आणि सौर पॅनल कुठं बसणार, हे ठरवून टाका. पत्रा मारल्यावर बंबासाठी तो कापत बसलेली घरं मी पाहिली आहेत.

भिंतींचा मामला छतापेक्षा सौम्य आहे. संहितेत भिंती आणि खिडक्या मिळून एक आकडा आहे, त्याला आरईटीव्ही म्हणतात. तो प्रति चौरस मीटर १५ वॉटच्या आत हवा. घराच्या उभ्या अंगातून, काचांसकट, गरमीच्या महिन्यांत सरासरी किती उष्णता आत येते त्याचं हे माप. त्यात वाईट गुन्हेगार दोनच असतात: पश्चिमेची मोठी काच आणि पातळ काँक्रीटची भिंत. हल्ली सहा इंची सॉलिड ब्लॉकची भिंत स्वस्त आणि झटपट म्हणून सगळीकडं चालते. तापण्याच्या बाबतीत ती नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा वाईट. हलके, सच्छिद्र सिमेंटचे एएसी ब्लॉक उष्णता बरीच अडवतात. खानापूरकडचा जांभ्याचा जाड चिरा चांगलाच, पण बाहेरून प्लॅस्टर हवं. पावसाची झड पश्चिमेकडून येते आणि चिरा पाणी पितो. आपले आजे-पणजे पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या झड्या बांधायचे ते उगाच नाही. त्याच बाजूला संध्याकाळचं तिरपं ऊनही येतं. मग जिना, न्हाणी, संडास, कपाटांची भिंत पश्चिमेला ढकला आणि झोपायची खोली तिथून हलवा. यासाठी एक रुपया जास्त लागत नाही, नकाशा काढताना पेन्सिल फिरवावी लागते एवढंच. वास्तू बघणारे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे; बहुतेक वेळा दोन्हीची सांगड घालता येते.

खिडकीचा एक बारकावा मात्र जवळून बघण्यासारखा आहे. संहिता विचारते, खिडकीची उघडणारी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के आहे? उत्तर हवामानाच्या पट्ट्याप्रमाणं कमीत कमी ८ ते १७ टक्क्यांच्या दरम्यान आहे; उदाहरण म्हणून समशीतोष्ण पट्ट्याचे साडेबारा टक्के धरू. हिशेब खरं तर सगळ्या घराचा मिळून करतात, पण समजायला एक खोली घेऊ. दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. साडेबारा टक्के म्हणजे १५. चार बाय चारची खिडकी लावली, १६ चौरस फूट झाले, असं वाटतं. पण ती दोन पट्ट्यांची सरकती ॲल्युमिनियमची असेल तर कधीही अर्धीच उघडते, म्हणून तिचे आठच धरतात. तीच खिडकी जुन्या पद्धतीची, बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांची असेल तर जवळजवळ सगळी उघडते. वारा देणारी खिडकी आपण काढून टाकली आणि मग पंखा मोठा घेतला, असं घरोघरी झालंय. बेळगावच्या संध्याकाळच्या वाऱ्याची किंमत ज्याला कळते, त्यानं झडपांचा आग्रह धरावा. समोरासमोर दोन भिंतींना खिडक्या असतील तर आणखी चांगलं.

आता गरम पाणी. मे महिना सोडला तर आपल्याकडं गार पाण्यानं आंघोळ करणारा विरळाच. तांब्याचा बंब अजून कित्येक घरांच्या परड्यात धुमसतो. विजेचा गीझर लावला तर २० लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४२ वर न्यायला सुमारे ०.४ युनिट लागतं. पाच माणसांच्या घरात रोज दोन युनिट, महिन्याला साठ. राज्याच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटची मर्यादा ओलांडली की पूर्ण बिल भरावं लागतं, तिथं हे साठ युनिट निर्णायक ठरतात. १०० लिटरचा सौर बंब उन्हाच्या दिवशी सगळं पाणी ६० अंशांपर्यंत नेतो, म्हणजे विजेची चार युनिटं वाचवतो.

तरीही, सौर बंब नुसता मीटरसाठी बसवलेला आणि वर्षभर पाइपच न जोडलेला, अशीही घरं आहेत. का? विचारलं तर उत्तर येतं, "पाणी गरम यायलाच वेळ लागतो." ते खरं आहे आणि दोष बंबाचा नाही, पाइपाचा आहे. आतून २० मिलिमीटर असलेल्या पाइपात मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी मावतं. गच्चीच्या एका टोकाला बंब, खाली दुसऱ्या टोकाला न्हाणी, मध्ये १५ मीटर पाइप: साडेचार लिटरच्या वर पाणी रात्रभर पाइपात गार होऊन बसतं आणि सकाळी तेवढं सोडून द्यावं लागतं. दोन न्हाण्या असतील तर वर्षाला तीन हजार लिटरच्या पुढं. उपाय साधा आहे. दोन्ही न्हाण्या आणि स्वयंपाकघराचं सिंक एकमेकांच्या पाठीला किंवा एकावर एक घ्या, बंब त्यांच्या बरोबर वर बसवा, गरम पाण्याच्या पाइपाला इन्सुलेशनची नळी घाला. जून ते सप्टेंबर आपल्याकडं सूर्य दिसेल तेव्हा दिसेल; बंबाला विजेची जोड ठेवा, किंवा घरातला तांब्याचा बंब मोडीत काढू नका. बोअरवेलचं पाणी जड असेल तर बंबाच्या नळ्यांत क्षार साठतात, तेव्हा पाणी तपासून मग बंबाचा प्रकार निवडा.

आणि आता काकांची मळे नीरु कोय्लु.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळा हिशेब त्यातून निघतो: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. काकांची गच्ची ८० चौरस मीटर. उडून-वाहून जाणारं वजा करून ऐंशी टक्के धरलं तर ८३ हजार लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हा सरकारी नियोजनाचा आकडा आहे. पाच माणसांच्या घराची ही चार महिन्यांची गरज झाली. हे सगळं पाणी आज गटारात जातं. आणि शहराला पाणी देणारं राकसकोप धरण उन्हाळ्यात तळ गाठायला लागलं की आपण टँकरचे नंबर शोधतो.

पण इथं एक फसगत होते. वर्षाच्या बेरजेवर जाऊन लोक मोठी टाकी बांधायला निघतात. पाऊस चार महिन्यांत कोसळतो. ८० चौरस मीटरच्या गच्चीवर साडेबारा मिलिमीटर पाऊस झाला की हजार लिटरची टाकी काठोकाठ. जुलैतला एखादा दिवस ती तीन-चार वेळा भरेल. ८३ हजार लिटर साठवणारी टाकी बांधणं तीस-चाळीसवर शक्य नाही आणि गरजेचंही नाही. म्हणून दोन वाटा ठेवायच्या. पहिली वाट घरातल्या जमिनीखालच्या टाकीत, वापरायला. ती भरली की पाणी दुसऱ्या वाटेनं शोषखड्ड्यात किंवा विहिरीत.

कुठली वाट मोठी ठेवायची हे गावावर ठरतं, आणि इथं छापील नियम अपुरे पडतात. कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस इतका, की पावसाळ्यात विहिरी हाताला लागतील इतक्या भरतात. तिथं शोषखड्डा खणला तर त्यातच पाणी वर येतं. त्यांनी उन्हाळ्यासाठी साठवण करावी. ईशान्येला, अथणीच्या बाजूला पाऊस फारच कमी, तिथं पडेल तो थेंब टाकीत घ्यावा. बेळगाव शहराची लाल जमीन पाणी जिरवते. शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांच्या मागं अजून आड आहेत. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खणली गेली, ती काँग्रेस विहीर म्हणून आजही ओळखतात. आपल्या पायाखाली पाणी आहे याची ती खूण आहे. घरामागं आड असेल तर तो बुजवू नका. गाळ काढून गच्चीचं गाळलेलं पाणी त्यात सोडा. याच्याइतकं चांगलं आणि स्वस्त पुनर्भरण दुसरं नाही.

कामाचे तपशील थोडक्यात सांगते. गच्चीला उतार एकाच दिशेला, दोन तोंडांकडं. चार इंची पाइप. खाली पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडणारी तोटी, कारण पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये धूळ, पानं, पक्ष्यांची घाण असते. मग जाळी आणि वाळू-खडीचा गाळणीचा ड्रम. मग टाकी. टाकीचं झाकण घट्ट आणि सांडव्याला बारीक जाळी, नाहीतर डासांची पैदास होते. बोअरवेलमध्ये न गाळलेलं पाणी थेट कधीही सोडू नका. एका घराच्या सोयीपायी आख्ख्या गल्लीचं भूजल नासतं.

घरातल्या पाण्यात सगळ्यात मोठी गळती संडासाच्या टाकीची. जुनी टाकी एका वेळी १० लिटर सोडते. पाच माणसं, प्रत्येकी पाच वेळा: दिवसाला २५० लिटर. दोन बटणांची टाकी घेतली, ६ आणि ३ लिटरची, तर तेच काम ९० लिटरमध्ये होतं. महिन्याला जवळपास पाच हजार लिटर वाचले, म्हणजे एक टँकर. पूर्वी मोरीचं पाणी परड्यातल्या अळूला आणि केळीला जायचं. आता ते सांडपाण्याच्या एकाच पाइपात संडासाच्या पाण्याबरोबर मिसळतं. न्हाणीचा आणि संडासाचा पाइप पायापासून वेगळा ठेवा. आज बाग नसेल, उद्या असेल.

विजेच्या उपकरणांबद्दल फार सांगत नाही, ती केव्हाही बदलता येतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यालाही ताऱ्यांची पट्टी सक्तीची आहे. जुना पंखा ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. छतावरच्या सौर विजेसाठी फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॉटना एकूण ७८ हजार अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पॅनल आज घ्यायचे नसले तरी गच्चीवरून मीटरपर्यंत रिकामी नळी टाकून ठेवा.

काकांच्या स्लॅबचा दिवस ठरला तो गुरुवार. सकाळी सातला मी पोचले तेव्हा मिक्सर सुरू झाला होता, सेंट्रिंगवर सळ्या बांधून तयार होत्या. काका हातात वही घेऊन उभे होते, अटी मराठीत उतरवलेली. आम्ही दोघं सळ्यांवरून जपून चालत एकेक स्लीव्ह मोजत गेलो. स्लीव्ह म्हणजे पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये आधीच ठेवलेले पाइपाचे तुकडे. गरम पाण्याची एक, गार पाण्याची एक, पावसाच्या पाइपांच्या दोन, सौर विजेच्या नळीची एक. वायव्य कोपऱ्यात पावसाची दुसरी नव्हती. मेस्त्री म्हणाला, "ताई, मागनं ड्रिल मारून काढूया की." काकांनी वही मिटली आणि सांगितलं, "आत्ताच घाल बाबा. थांबतो आम्ही." चार इंची पाइपाचा तुकडा कापून, तोंडं पोत्यानं बंद करून तो बसवायला दहा मिनिटं लागली. मग पहिलं घमेलं वर आलं.